मिथुनच्या उल्का आणि हिंगोलीचे आकाश

१३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव ऐन भरात असतो. रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देणाऱ्या हिंगोलीच्या शेतकऱ्याला तो नवा नाही. तासाभरात किती उल्का दिसल्या, हे आपण हौसेने मोजतो. अवकाशयान बांधणाऱ्याला मात्र वेगळी चिंता असते: उल्का होऊन जळणारा हा कण किती घट्ट आहे?

नोव्हेंबरातल्या सिंह राशीच्या उल्का धूमकेतूच्या. भुसभुशीत, घनता पाण्याहूनही कमी. मिथुनच्या उल्का फेथॉनच्या. १९८३ साली सापडलेला हा लघुग्रह बुधापेक्षाही सूर्याजवळ जातो. त्या आचेत त्याचे कण भाजून निघतात आणि घनता पाण्याच्या अडीच-तीन पट भरते. एक शेतातले ढेकूळ, तर दुसरी भट्टीतली वीट. वजन आणि वेग सारखाच असला तरी घट्ट कण यानाच्या पत्र्यात अधिक खोल शिरतो. ढाल किती जाड हवी, हे त्यावरच ठरते. मे २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या आरशाला बसलेला तडाखा शास्त्रज्ञांच्या अपेक्षेहून मोठा निघाला होता. उद्या गगनयानातून आपली माणसे अवकाशात जाणार आहेत; त्यांच्यासाठीही हे गणित महत्त्वाचे.

उल्काकणांची ही घनता हाती कण न घेता काढतात. दूरदूरच्या दोन ठिकाणांहून एकच उल्का टिपली की तिची उंची व वेग कळतो, तेजावरून वस्तुमान, आणि हवेत ती कशी मंदावते यावरून आकारमान. तेजावरून वस्तुमान काढण्यात चूक बरीच राहते, म्हणून नोंदी जितक्या अधिक तितके बरे.

हिंगोली जिल्ह्यातच, औंढा तालुक्यात दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा होत आहे. अशाच लहरींच्या अवकाशातील शोधाचे तंत्र तपासण्यासाठी २०१५ मध्ये सोडलेल्या लिसा पाथफाइंडर यानाने अवकाशातल्या सूक्ष्म कणांचे धक्केही नोंदवले होते. जवळच्या बुलढाणा जिल्ह्यात अवकाशातून आलेल्या आघाताने बेसॉल्टात पडलेले लोणारचे विवर आहे, हिंगोलीपासून सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटरवर. दोन कॅमेऱ्यांसाठी हे अंतर उत्तम. खर्चही एखाद्या महाविद्यालयाला झेपेल असा. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आणि जिल्हा परिषदेने पुढच्या डिसेंबरची वाट न पाहता एक कॅमेरा हिंगोलीत, दुसरा लोणारात बसवावा.