यंत्र आणि गळा

औंधांतील एका गृहस्थांचें पत्र आमच्यापुढें आहे. घरांत वडील वृद्ध. गळा अद्याप सुरेल, पण दम पूर्वीचा उरला नाहीं. त्यांच्या तोंडच्या चिजा नातवास मुद्रित करून ठेवावयाच्या आहेत, आणि त्यासाठीं तो लाखावर किंमतीचा लॅपटॉप मागतो. मंडळींत दोन महिने खल चालला आहे. ज्या गांवीं अंतूबुवा जोशी यांनीं १९४० सालीं संगीतोत्सव सुरू केला, तेथें असा प्रश्न उठावा यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. दोन महिने मात्र खटकतात. यंत्र पुढल्या वर्षींहि मिळेल.

मागणी वाजवी कीं अवाजवी, हें कामावरून ठरवावें. गळा, तबला, पेटी व तंबोरा असे चार ध्वनि वेगळाले घेतले, तर दर सेकंदास प्रत्येकाचे ४४,१०० नमुने यंत्र टिपतें. चोवीस बिटांच्या हिशेबानें एका ध्वनीस तासाला अर्ध्या जीबीहून किंचित् कमी जागा लागते. म्हणजे चौघांचे मिळून दोन जीबीहि नाहींत. एवढें ओझें १६ जीबी स्मृतीचा आणि ५१२ जीबी एसएसडीचा मध्यम लॅपटॉप सहज वाहतो.

प्लगइनांची गोष्ट निराळी. कोणी ध्वनीस दिवाणखान्याचा घुमारा देतो, कोणी सबंध व्हायोलिनांचा ताफा पुरवितो. असे ताफे स्मृतींत बरीच जागा अडवितात; चिरंजीवांस पुढें चित्रपटाचें संगीत रचावयाचें असेल तर ३२ जीबी घ्यावी. पुष्कळशा सडपातळ यंत्रांत स्मृति पक्की जडविलेली असते, मागाहून वाढवितां येत नाहीं. दुकानांत हें आधीं विचारावें. कोर किती आहेत एवढ्यावरच भाळूं नये. एकाच गळ्यावर पांच प्लगइन एकापुढें एक लावले, तर तें काम बहुधा एकाच कोरास क्रमानें उरकावें लागतें. वाढपी बारा असले तरी तूप वाढणारा एक असला, कीं पंगत त्याच्यासाठीं खोळंबते!

गाणाऱ्यास खरा जाच विलंबाचा. यंत्र नमुने थोडे थोडे सांठवून मग पुढें पाठवितें. सांठा १२८ चा ठेवला तर सुमारें ३ मिलिसेकंद जातात, १,०२४ चा ठेवला तर २३; आणि ध्वनि आंत येतांना व बाहेर जातांना हा विलंब दोनदां भोगावा लागतो. आपलाच स्वर कानांवर असा उशिरां पडूं लागला, तर मुरलेला गवईहि लयींत चांचरेल. म्हणून मुद्रणाच्या वेळीं सांठा लहान ठेवावा, संस्काराच्या वेळीं मोठा. विंडोजवर त्यासाठीं ॲसिओ चालक देणारा ऑडिओ इंटरफेस हवा. आमच्या मतें पैसा प्रथम त्यांत व चांगल्या मायक्रोफोनांत घालावा, उरेल त्याचा लॅपटॉप. रीपर हा कार्यक्रम ६० दिवस विनामूल्य वापरून पाहतां येतो. तेवढ्यांत नातवाची चिकाटीहि कळेल.

राहिला पंखा. बलाढ्य यंत्र तापलें कीं घोंघावतें, आणि मंद्रांतील षड्जामागें तो घोंगाट टिपला जातो. ॲपलच्या मॅकबुक एअरमध्यें २०२० पासून पंखाच नाहीं; मात्र दीर्घ श्रमांत तें यंत्र मंदावतें. दुसरें कोणतेंहि असल्यास तें गाणाऱ्यापासून दूर ठेवून लांब तारेनें जोडावें. वडिलांस सकाळीं, दम ताजा असतां बसवावें, आणि तेवढा वेळ स्वयंपाकघरांतील मिक्सर बंद ठेवण्याची विनंति सूनबाईंस आधींच करून ठेवावी.