दंड भरा, नाला चालू ठेवा

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळी कुत्री हिंडताना दिसली आणि त्यांचे फोटो जगभर गेले. रंग एका कारखान्यातला होता. ओरड झाली, तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो बंद करायला लावला. त्याच वसाहतीला लागून वाहणाऱ्या कासाडी नदीबद्दल मात्र मच्छीमार कधीपासून तक्रारी करत होते. नदी फोटोत कुत्र्याइतकी देखणी दिसत नाही, हा बहुधा तिचाच दोष!

कायदे नाहीत म्हणून हे घडते, असे कोणी सांगू नये. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्धचा कायदा दिल्लीच्या आधी, १९६९ मध्येच केला होता. १९७० मध्ये मंडळही स्थापन झाले. केंद्राचा जल कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा. भोपाळमध्ये हजारो माणसे मेल्यावर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८८ मध्ये जल कायद्यात दुरुस्ती होऊन ऐकत नसलेल्या कारखान्याची वीज आणि पाणी तोडण्याचा अधिकारही मंडळाला मिळाला. एवढे सगळे हाताशी असताना केंद्रीय मंडळाच्या २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ वर आणि डोंबिवली ७८.४१ वर होती. २०१८ च्या यादीत तारापूर ९३.६९ गुण मिळवून देशात पहिले आले.

मग कायदा अडतो कुठे?

एक जागा नमुन्याची. गावकरी नाल्यातले लाल-पिवळे पाणी बाटलीत भरून मंडळाच्या कचेरीत नेतात, तेव्हा ती बाटली जल कायद्याच्या दृष्टीने पुरावाच नसते. अधिकाऱ्याने स्वतः जायचे, कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याने मागितल्यास नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हींवर सील आणि सह्या घ्यायच्या, मग ते प्रयोगशाळेत पाठवायचे. निरपराध कारखानदार उगाच अडकू नये म्हणून ही काळजी योग्यच आहे. पण सांडपाणी सोडणारा कचेरीची वेळ पाळत नाही. तो रात्र पाहतो, पावसाची सर पाहतो. अधिकारी पोहोचेपर्यंत नाला वाहून मोकळा झालेला असतो. दुसरी जागा परवान्याची. संमतीच्या अर्जावर मंडळाने चार महिने काहीच कळवले नाही, तर संमती बिनशर्त मिळाली असे मानण्याची तरतूद १९७४ च्या कायद्यातच आहे. म्हणजे फाइल टेबलावर पडून राहिली, तरी तिचा फायदा नेमका कोणाला, हे ठरलेलेच.

या ढिल्या यंत्रणेला दात बसवायचे सोडून जे होते तेही काढले गेले. १९८६ च्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड ठेवला. उल्लंघन चालूच राहिले तर दिवसाला आणखी १० हजार. घाण पाण्यात सोडण्याच्या गुन्ह्याचे तेच २०२४ च्या जल कायदा दुरुस्तीने केले. ती आधी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. इतर राज्यांत ती ठराव करून स्वीकारल्यावरच लागू होते. सरकार म्हणते, खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, त्यापेक्षा दंड झटपट वसूल होईल. खटले रेंगाळतात हे खरेच. पण मोठ्या रासायनिक कारखान्याला दिवसाला १० हजार म्हणजे काय? प्रक्रिया केंद्र चालवण्याचा खर्च त्याहून जास्त असेल, तर हिशेबनीस कोणता सल्ला देईल, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

राजस्थानातले उदयपूरजवळचे बिछडी गाव आठवावे. १९८८ च्या सुमारास तिथे एका कंपनीने एच-ॲसिड हे रसायन बनवायला सुरुवात केली, विषारी गाळ उघड्यावर टाकला गेला आणि गावच्या विहिरी नासल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ज्याने घाण केली त्यानेच निस्तरायची’ असा निकाल दिला. कंपनीने अर्जांवर अर्ज करून पुढची पंधरा वर्षे काढली. २०११ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की ३७ कोटींहून अधिक रक्कम चक्रवाढ व्याजासह भरा. निकाल देशभर दाखला म्हणून वापरला जातो. विहिरीवाले वाटच पाहत राहिले.

आता मंडळांना ‘अधिकार नाहीत’ असे म्हणायलाही जागा उरलेली नाही. ४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, जल आणि हवा कायद्यांखाली प्रदूषण मंडळे स्वतःच पर्यावरणीय भरपाई वसूल करू शकतात, संभाव्य हानी टाळण्यासाठी आगाऊ बँक हमीही मागू शकतात. म्हणून महाराष्ट्र विधिमंडळाने आणि मंडळाने भरपाईची रक्कम कारखान्याच्या उलाढालीशी आणि झालेल्या नुकसानीशी जोडावी, सरसकट १५ लाखांच्या मर्यादेआड लपू नये.

नाल्याकाठच्या गावांनीही नुसत्या निवेदनांवर थांबू नये. प्रत्येक कारखान्याला कोणत्या अटींवर संमती दिली, याची नोंदवही मंडळाने ठेवायची असते आणि त्या सांडपाण्याची झळ पोहोचणाऱ्या कोणालाही ती पाहता येते; जल कायद्याचे कलम २५ तसे सांगते. ती मागा, अटींची नक्कल घ्या, ग्रामसभेत मोठ्याने वाचा. पुण्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पीठ आहे, तिथे वकिलाशिवायही दाद मागता येते. भरपाईसाठी पाच वर्षांची मुदत आहे, इतर वादांसाठी जेमतेम सहा महिन्यांची. तेव्हा तारखा आजपासून लिहून ठेवा.