बॅटरीचं बटण

बॅटरी घेताना सगळे उजेड बघतात, बटण कोणी बघत नाही. पारोळा तालुक्यात शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली, की कपाशीला पाणी द्यायला घरातलं माणूस अंधारात निघतं. मण्यार रात्रीच फिरते. अशा वेळी पहिल्याच दाबात पूर्ण उजेड हवा. नव्या बॅटऱ्यांचं एकच बटण कधी मंद, कधी भक्क, कधी लुकलुक; त्यात साप कसा दिसायचा? पोलीस-सैनिकांच्या बऱ्याच बॅटऱ्यांना बटण मागच्या टोकाला असतं, मुठीत धरली की अंगठा तिथेच जातो. पण पिशवीत ते आपोआप दाबलं जातं नि सेल उतरतात. गोठ्यात जाणाऱ्या बाईला मला जुनं सरकतं बटणच बरं वाटतं, धूळ गेली की अडकतं तेवढं. दुकानात डोळे मिटून लावून बघा. दुकानदार हसेल, हसू दे.