ध्रुवीय समुद्रतळाचे मुद्दल

२०२१ च्या फेब्रुवारीत ‘पोलरस्टर्न’ हे जर्मन संशोधन-जहाज अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रातून जात असता, त्याच्यामागून ओढल्या जाणाऱ्या कॅमेऱ्याने समुद्रतळावरचे एक अपूर्व दृश्य टिपले. सुमारे ४२० ते ५३५ मीटर खोलीवर पाऊण मीटर व्यासाची गोल घरटी एकाशेजारी एक अशी पसरलेली होती आणि त्यांपैकी बहुतेकांवर एकेक हिममासा अंड्यांची राखण करीत होता. घरट्यागणिक सरासरी १,७०० च्या आसपास अंडी होती. पाहणीवरून शास्त्रज्ञांनी केलेल्या हिशेबानुसार ही वसाहत सुमारे २४० चौरस किलोमीटर पसरलेली असून तीत सहा कोटी घरटी असावीत. माशांची एवढी मोठी वीण-वसाहत तोपर्यंत जगात कोठेही आढळलेली नव्हती.

विज्ञानाच्या दृष्टीने ही आनंदाची वार्ता होय. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकापुढे तिने निराळाच प्रश्न उभा केला आहे. कोणत्याही एका देशाच्या मालकीची नसलेली, कोणाच्याही दृष्टीस सहसा न पडणारी ही संपत्ती राखावयाची तर ती कोणत्या नियमाने? आणि तो नियम आज जगाजवळ आहे काय?

ध्रुवीय समुद्राचा तळ म्हणजे ओसाड चिखल, ही समजूत आता टिकणारी नाही. सूर्यप्रकाश तेथे पोहोचत नाही. पाण्याचे तापमान गोठणबिंदूच्या आसपास असते. आणि अन्न म्हणजे वरच्या थरातील सूक्ष्म जीवांचे जे अवशेष खाली झिरपतील तेवढेच. तरीही स्पंज, प्रवाळ, समुद्रकोळी आणि आठपाय यांच्या दाट वस्त्या तेथे नांदतात. फिल्शनर-रॉने हिमपट्टाखाली, ९०० मीटर जाडीचे बर्फ भेदून सोडलेल्या कॅमेऱ्याला उघड्या समुद्रापासून २६० किलोमीटर आत एका शिळेला चिकटलेले स्पंज दिसले. ही माहिती २०२१ मध्येच प्रसिद्ध झाली. २०२५ च्या जानेवारीत ‘जॉर्ज सहावा’ या नावाच्या हिमपट्टापासून ५१० चौरस किलोमीटरचा एक हिमखंड सुटा झाला, तेव्हा जवळच असलेल्या ‘फाल्कोर (टू)’ या जहाजावरील संशोधकांनी त्याखालच्या तळाची तत्काळ पाहणी केली. तेथेही भरलेले जग होते. तेथील स्पंजांच्या आकारावरून ती वस्ती अनेक दशकांची, कदाचित शतकांची असावी, असा कयास आहे.

या ‘शतकां’चा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. उत्तर ध्रुवाजवळील लँगसेथ पर्वतरांगेच्या बुडालेल्या शिखरांवर २०१६ साली स्पंजांची जी दाट वने सापडली, त्यांतील स्पंजांचे सरासरी वय ३०० वर्षे भरते. वरून पडणारे अन्न तेथे इतके तुटपुंजे आहे की, हजारो वर्षांपूर्वी मरून गेलेल्या नळीकृमींच्या अवशेषांवर हे प्राणी गुजराण करतात. बँकेत ठेव ठेवणाऱ्या माणसाला मुद्दल आणि व्याज यांतील भेद सांगावा लागत नाही. व्याज खर्चावे, मुद्दलाला हात लावू नये, हा शहाणपणा प्रत्येक पगारदार घराला ठाऊक आहे. या स्पंजवनांसारख्या वस्त्या म्हणजे जवळजवळ निव्वळ मुद्दल आहे. तिचे वार्षिक व्याज शून्याच्या आसपास आहे.

येथेच बाजाराचा हिशेब फसतो. कॅनडातील गणिती कॉलिन क्लार्क यांनी १९७३ साली दाखवून दिले की, ज्या जीवाची वाढ चालू व्याजदराहून मंद आहे, तो जीव राखण्यापेक्षा सगळा मारून, विकून, पैसा बँकेत ठेवणे हे केवळ नफा पाहणाऱ्याला ‘फायद्याचे’ ठरू शकते. त्या वेळी त्यांच्यापुढे उदाहरण होते ते अंटार्क्टिक समुद्रातील निळ्या देवमाशाचे. जी वस्ती तीनशे वर्षांत उभी राहते, तिला हा हिशेब लावला तर तिची किंमत काय येणार, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. म्हणूनच अशा संपत्तीचे रक्षण किमतीवर सोपवता येत नाही. ते नियमानेच करावे लागते.

दक्षिण महासागराने हा धडा एकदा घेतला आहे. साउथ जॉर्जिया बेटाभोवती १९६९-७० च्या एकाच हंगामात सोव्हिएत जहाजांनी तळाशी राहणारे सुमारे चार लाख टन रॉककॉड मासे काढले. दोन हंगामांत तो साठा कोसळला. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? अशा अनुभवांनंतर आणि क्रिलची मासेमारी वाढू लागल्यावर १९८० साली अंटार्क्टिक सागरी सजीव संपदेच्या संरक्षणाचा करार झाला व १९८२ पासून तो अंमलात आला. त्याच्या दुसऱ्या कलमात एक अत्यंत दूरदर्शी वाक्य आहे. दोन किंवा तीन दशकांत भरून निघणार नाहीत असे बदल सागरी जीवसृष्टीत होऊ देऊ नयेत, असे ते सांगते. तीनशे वर्षे आणि तीन दशके ही दोन मापे शेजारी ठेवून पाहावीत. तळावरच्या मंदगती वस्त्यांना हे कलम काटेकोरपणे लावले तर तेथे ‘मर्यादित वापर’ असा काही पर्यायच उरत नाही.

या कराराखालील आयोगाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेथील खुल्या समुद्रात तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांना त्याने मज्जाव केला. २०१६ साली रॉस समुद्रातील १५.५ लाख चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र मंजूर झाले. मात्र तेही ३५ वर्षांच्या मुदतीचे. वेडेल समुद्राच्या राखीव क्षेत्राचा प्रस्ताव युरोपीय संघाने २०१६ पासून मांडला आहे. तो मंजूर होऊ शकलेला नाही. कारण आयोगाचे महत्त्वाचे निर्णय एकमताने होतात आणि रशिया व चीन यांचा या प्रस्तावाला विरोध आहे.

विरोधकांचे म्हणणे दोन वाक्यांत सांगता येईल. करारातील ‘संरक्षण’ या शब्दात ‘विवेकी उपयोग’ अंतर्भूत आहे. आणि बंदी घालण्याइतका पुरावा अद्याप जमलेला नाही. पैकी पहिले विधान खरे आहे. दुसऱ्याला लार्सन हिमपट्टाच्या अनुभवाचा आधारही देता येईल. १९९५ मध्ये हिमपट्टाचा एक भाग कोसळल्यावर तेथील काच-स्पंजांची संख्या २००७ ते २०११ या अवघ्या चार वर्षांत सुमारे तिपटीने वाढल्याचे आढळले. म्हणजे वाढ नेहमीच मंद नसते. परंतु ही वाढ वरचे बर्फ हटून प्रकाश आणि अन्न वाढल्यामुळे झालेली आहे. मोडलेली वस्ती लवकर सावरते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की, या जगाचे गणित आपल्याला पुरते कळलेले नाही. जेथे गणित कळलेले नाही, तेथे मुद्दल मोडू नये, हाच व्यवहार.

विशेष म्हणजे हे तत्त्व रशिया आणि चीन यांनी अन्यत्र मान्य केलेले आहे. उत्तर ध्रुवाभोवतीच्या २८ लाख चौरस किलोमीटर खुल्या समुद्रात पुरेशी माहिती हाती येईपर्यंत व्यापारी मासेमारी करू नये, असा करार २०१८ साली झाला. पहिले जाळे पडण्यापूर्वीच तो झाला, आणि दोघांच्याही सह्या त्यावर आहेत. आधी माहिती, मग जाळे, हा क्रम उत्तरेस योग्य असेल, तर दक्षिणेस तो अयोग्य कसा?

आज वेडेलच्या घरट्यांवर कोणाचे जाळे पडत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांना असलेले संरक्षण मासेमारीच्या नियमांचे आहे, राखीव क्षेत्राचे नव्हे. आणि नियम किती ठिसूळ असू शकतात, ते क्रिलच्या बाबतीत नुकतेच दिसले. क्रिलची पकड एकाच जागी एकवटू नये म्हणून केलेला नियम २०२४ मध्ये एकमताअभावी लयास गेला. परिणामी २०२५ च्या हंगामात ६,२०,००० टनांची मर्यादा ऑगस्टच्या प्रारंभीच गाठली गेली आणि मासेमारी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. येथे कोणी नियम मोडला नाही. नियमाची मुदत संपली, एवढेच झाले. दोष आहे तो या रचनेत.

म्हणून प्रस्तुत लेखकाची सूचना मर्यादित पण निश्चित आहे. एकमताची अट काढून टाकणे आज शक्य दिसत नाही. पण तिचा रोख फिरवता येईल. तळावरच्या वस्त्यांना संरक्षण देणारा प्रत्येक नियम प्रारंभापासूनच बेमुदत करावा. म्हणजे संरक्षण चालू ठेवण्यासाठी नव्हे, तर ते उठवण्यासाठी एकमत लागेल. हानी होणार नाही हे सिद्ध करण्याचा भार घेऊ पाहणाऱ्यावर पडेल, राखू पाहणाऱ्यावर नव्हे. यासाठी कराराचा मजकूर बदलण्याचीही गरज नाही.

भारताला या प्रश्नात परक्यासारखे वागता येणार नाही. आपली पहिली अंटार्क्टिक मोहीम १९८१ साली गोव्याहून निघाली. या मोहिमांचे काम आज पाहणारे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र वास्कोला आहे. १९८६ पासून आपण या आयोगाचे सदस्य आहोत, आणि २०२१ मध्ये वेडेल समुद्र व पूर्व अंटार्क्टिका येथील राखीव क्षेत्रांना आपण पाठिंबा जाहीर केला. हे योग्यच झाले. मात्र पाठिंब्याची नैतिक किंमतही मोजावी लागते. मध्य हिंदी महासागरातील धातुगोट्यांच्या शोधासाठी आपण २००२ साली करार केलेला आहे. वेडेलच्या तळाला जो न्याय आपण मागतो, तोच आपल्या कंत्राटातील तळाला लावण्याची तयारी नसेल, तर आपल्या शब्दाला वजन राहणार नाही.

सहा कोटी घरट्यांना मत नाही आणि बाजारात त्यांचा भावही लागत नाही. त्यांच्या वतीने बोलणारे आहेत ते आयोगाच्या बैठकीस बसणारे प्रतिनिधी, आणि त्या प्रतिनिधींना पाठवणारे आपण नागरिक. वडिलार्जित मुद्दल मोडून खाणाऱ्या वारसाला समाज काय म्हणतो, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. हे मुद्दल तर आपण मिळवलेलेही नाही. ते केवळ आपल्या काळात दृष्टीस पडले आहे.