पोराची पहिली बंदूक

गेल्या दोन-तीन महिन्यांत नात्यातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. पोराला पहिली एअरगन कुठली घ्यावी? टिकाऊ पाहिजे, स्वस्त पाहिजे आणि "एखादं तितर-बितर पडलं पाहिजे". मला विचारायचं कारण एवढंच, की मी कॉलेजात एनसीसीत होतो आणि अजूनही अधूनमधून नगरच्या एका रायफल क्लबात जाऊन कागदाला भोकं पाडून येतो. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकतो. दाजीही हा ब्लॉग वाचतात, तेव्हा जरा जपून. :)

माझं मत आधीच सांगतो. पोराने मागितली तर बंदूक द्यावी, पण शिकारीसाठी देऊ नये. आणि पहिले तीन महिने विकतही घेऊ नये.

तितराचा विषय आधी संपवू. आमच्या सोनईच्या बाजूला जुन्या माणसांकडे सशा-तितरांच्या गोष्टी ढिगाने आहेत. उसाचं पाणी यायच्या आधीचा हा सगळा ज्वारी-बाजरीचा मुलूख. आजोबा माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरं हाकायचे, आणि सांजच्याला कुणाकडे ससा शिजला तर त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. तितर, ससा, मोर, हरीण यांतलं काहीही मारणं आज गुन्हाच. छऱ्याने मारलं काय नि काडतुसाने मारलं काय, कायद्याला दोन्ही सारखंच. आपल्याच जिल्ह्यात कर्जतजवळ काळविटांसाठी रेहेकुरीचं अभयारण्य १९८० पासून आहे. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचा तुकडा! एवढ्याशा जागेत राखावे लागतात ते प्राणी एकेकाळी या माळांवर कळपाने फिरत होते. ते कमी का झाले याची कारणं अनेक आहेत, बंदूक त्यातलं एक.

"एका एअरगनने काय होतंय" असं म्हणणाऱ्यांनी अरुणाचलकडे बघावं. तिथे घरोघरी एअरगन असायची आणि पोरं जंगलात पाखरं टिपायची. शेवटी २०२१ मध्ये तिथल्या सरकारने लोकांना एअरगन जमा करायचं आवाहन केलं, आणि लोकांनी खरंच आपणहून हजारावर बंदुका आणून दिल्या. जंगलं आहेत पण पाखरांचा आवाज नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आपल्याकडे तर जंगलही नाही. बांधावरच्या बाभळी आणि विहिरीवरची सुगरणीची घरटी, एवढीच काय ती पुंजी.

दाजींचा दुसरा मुद्दा बिबट्याचा. तो मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांच्या वस्तीला चारी बाजूंनी ऊस आहे, रात्री वीज आली की पाणी भरायला जावं लागतं आणि बिबट्या हा आता नगर जिल्ह्यात बातमीचा नाही, रोजच्या बोलण्याचा विषय आहे. पण दाजी, एअरगनचा छर्रा बिबट्याला फार तर चिडवेल. जखमी, चिडलेला बिबट्या आणि हातात रिकामी नळी घेतलेलं तेरा वर्षांचं पोरगं, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. रानडुकराचंही तेच, आणि त्यालाही वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची सोय शस्त्र कायद्यात आहे, पण ती मोठ्या माणसासाठी. बंदुकीचा परवाना २१ वर्षांच्या आत मिळत नाही. राखणीला बॅटरी, फटाके, घुंगराची काठी आणि सोबतीला माणूस. बंदुकीचं काम तिथे नाहीच.

मग बंदूक द्यायचीच कशाला? ताईचा हाच प्रश्न आहे, आणि ती चुकीचं विचारत नाही. माझं उत्तर असं, की तेरा-चौदाव्या वर्षी ही ओढ लागली की नुसत्या 'नाही'ने जात नाही. घरी नाही म्हटलं की पोरगं मित्राची घेतं. मित्राच्या बंदुकीला ना कपाट, ना कुलूप, ना बाजूला मोठं माणूस. पहिला नेम विजेच्या तारेवरच्या होल्यावर, आणि तो चुकला की छर्रा कुणाच्या पत्र्यावर नाहीतर कुणाच्या डोळ्यात. तेच पोरगं रेंजवर उभं केलं तर पहिल्या दिवशी त्याला बंदूक उचलूसुद्धा देत नाहीत. आधी नळी कुठे बघते आहे ते शिक. बोट चापावर कधी ठेवायचं ते शिक. मग श्वास. दहा मीटर एअर रायफलच्या निशाण्यावर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, मोहरीपेक्षाही लहान. त्याच्या मागे लागलेल्या पोराचा पाखरांतला रस आपोआप कमी होतो, हे मी क्लबात डोळ्यांनी बघतो आहे.

विस्कॉन्सिनला आमचा एक मावसभाऊ असतो. तिकडे पोराची पहिली बंदूक म्हणजे खरोखर शिकारीचीच, साध्या .२२ पासून सुरुवात. त्याच्या शेजारच्या घरात ती वाढदिवसाला आली तेव्हा त्याने घाबरून मला फोन केला होता. पण दोन गोष्टी त्यांच्याकडून घेण्यासारख्या आहेत. लहान पोराला बऱ्याचदा एकबारी रायफल देतात. एक गोळी भर, झाड, थांब, विचार कर. आणि दुसरं, तिथे १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा परवाना हवा तर साधारणपणे आधी सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. आपल्याकडे वन्यजीवांचा कायदा आला १९७२ ला आणि त्यांच्याकडे ही अट १९७३ पासूनच्या पोरांना. गंमत वाटली म्हणून लिहिलं.

आता खरेदी. साडेचार मिलिमीटरची, म्हणजे .१७७ ची, आणि २० ज्यूलच्या आतल्या शक्तीची एअर रायफल असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. दुकानदार ".२२ घ्या, जोरात लागते" म्हणाला तर हात जोडून बाहेर पडा. कागदाला भोक पाडायला जोर लागत नाही, स्पर्धेच्या रायफलीसुद्धा साधारण साडेसात ज्यूलच्याच असतात.

जोरापेक्षा माप बघा. दस्त्याचं टोक पोराच्या कोपराच्या खळगीत टेकवा आणि हात पुढे करायला सांगा. बोट चापापर्यंत सहज पोचलं पाहिजे. मान वाकडी करून नेम धरावा लागत असेल तर ती बंदूक बापाच्या मापाची आहे. वजन तीन किलोच्या आत असलेलं बरं. नळी मोडून स्प्रिंग ताणायची साधी रायफल घेणार असाल तर दुकानातच पोराला ती चार-पाच वेळा ताणायला लावा. पाचव्या वेळी दमला तर घरी अर्ध्यावर सोडेल आणि नळी उसळून बोटं चेचतील. छर्रा भरताना एका हाताने नळी घट्ट धरून ठेवायची, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

हवेच्या टाकीवर चालणाऱ्या रायफली गोड असतात. झटका नाही, नेम सुंदर. पण त्यात दोनशे बारच्या आसपास दाबाची हवा भरावी लागते, आणि सोनईत ट्यूबमध्ये हवा भरणारा आहे, हा दाब भरणारा नाही. हातपंप मिळतो, पण तो मारता मारता बापाचा घाम निघतो. खेड्यात टिकाऊ म्हणजे स्प्रिंगचीच. चार-पाच वर्षांनी स्प्रिंग आणि वॉशर बदललं की पुन्हा चालू. मात्र ताणून ठेवायची नाही आणि छर्रा न घालता चाप ओढायचा नाही. त्याने स्प्रिंग आणि दट्ट्या दोन्ही मरतात.

दुर्बीण अजिबात नको. मागची खाच आणि पुढचं टोक यांवरच शिकू द्या. शालेय स्पर्धांतही 'ओपन साइट' असा वेगळा गट असतो, तेव्हा ते शिकणं वाया जात नाही. छरे चपट्या तोंडाचे घ्या, कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. टोकदार छरे शिकारीचे. ते घरात आणूच नका. छऱ्यात शिसं असतं, म्हणून नेमबाजी झाली की हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही.

भाच्याला स्वप्नील कुसाळेचं वेड आहे. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा शिक्षकाचा मुलगा, २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेऊन आला. दाजींना त्यातलं पदक दिसतं. मला २००९ दिसतं. त्या वर्षी तो क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, म्हणजे मध्ये पंधरा वर्षं आहेत. तेजस्विनी सावंतही कोल्हापूरचीच, २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. स्पर्धेच्या परदेशी रायफलीची किंमत लाखांत जाते. ती आत्ता डोक्यातही आणू नका. साधी देशी रायफल काही हजारांत येते.

म्हणूनच ते तीन महिने. शनिवार-रविवार क्लबाच्या रायफलीवर जाऊ द्या. निम्मी पोरं तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात, तुमचे पैसे वाचले. टिकलं तर मग घ्या, आणि क्लबातच विचारा. मोठ्या झालेल्या पोरांच्या लहान मापाच्या रायफली तिथे निम्म्या दरात पडून असतात. वाचलेल्या पैशात कुलपाचं कपाट आणि दोन चष्मे, एक पोराला आणि एक शेजारी उभ्या राहणाऱ्याला. निशाण्यामागे दगडी भिंत नको, छर्रा उलटा येतो. मातीने गच्च भरलेली युरियाची चार पोती एकावर एक रचा, तीही घराकडे, गोठ्याकडे किंवा रस्त्याकडे तोंड करून नाही. छर्रा शंभर मीटरच्या पुढेही जातो. कपाटाची किल्ली बापाकडे नको, आईकडे द्या. दाजी, हे तुम्हाला.