विश्लेषण : टेनिसमध्ये ‘फॉर्म’ पाहून विजेता सांगता येतो का?

१२ जुलै २०२५ रोजी विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर महिला एकेरीचा अंतिम सामना अवघ्या ५७ मिनिटांत संपला. पोलंडच्या इगा श्वीऑनटेकने अमेरिकेच्या अमांडा अनिसिमोव्हाला ६-०, ६-० असे हरवले. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात असा निकाल याआधी लागला होता तो थेट १९११ मध्ये. विशेष म्हणजे श्वीऑनटेकने त्याआधी वर्षभरात एकही स्पर्धा जिंकलेली नव्हती आणि अनिसिमोव्हाने दोनच दिवस आधी अग्रमानांकित अरिना सबालेन्काला घरी पाठवले होते. ‘फॉर्म’ पाहून अंदाज बांधणाऱ्यांचे गणित साफ चुकले. प्रत्येक ग्रँड स्लॅम स्पर्धेआधी चाहत्यांमध्ये रंगणाऱ्या ‘यंदा कोण?’ या चर्चेत फॉर्मला किती वजन द्यावे आणि अंदाज फसल्याचा राग कोणावर काढू नये, याचा हा आढावा.

२०२५ मध्ये अंदाज कुठे कुठे फसले?

विम्बल्डनच्या आदल्या आठवड्यात जर्मनीतील बाड होम्बुर्ग येथे हिरवळीवरची स्पर्धा झाली. तिच्या अंतिम सामन्यात जेसिका पेगुलाने श्वीऑनटेकला ६-४, ७-५ असे नमवले. म्हणजे फॉर्म पेगुलाचा. पण काही दिवसांतच विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत पेगुलाला पहिल्या शंभरातही नसलेल्या एलिसाबेटा कोचियारेटोने तासाभरात हरवले, आणि बाड होम्बुर्गची उपविजेती विम्बल्डनची विजेती झाली. फ्रेंच खुली स्पर्धा नुकतीच जिंकून आलेली कोको गॉफही पहिल्याच फेरीत दयाना यास्त्रेमस्काकडून हरली.

पुरुषांमध्ये कझाकस्तानच्या अलेक्झांडर बुब्लिकने हाले येथील हिरवळीवर यानिक सिन्नरला हरवून स्पर्धाही जिंकली होती. अनेकांनी त्याला विम्बल्डनचा ‘छुपा रुस्तम’ ठरवले. तो पहिल्या फेरीत पाच सेटमध्ये जॉमे मुनारकडून हरला. हालेमध्ये त्याच्याकडून हरलेला सिन्नर विम्बल्डन जिंकणारा पहिला इटालियन एकेरी विजेता ठरला. त्या विम्बल्डनमध्ये पहिल्याच फेरीत १३ मानांकित पुरुष आणि १० मानांकित महिला खेळाडूंना गाशा गुंडाळावा लागला. प्रत्येक गटात ३२ मानांकित असतात, हे लक्षात घेतले तर हा आकडा किती मोठा आहे ते कळते.

फॉर्म म्हणजे नेमके काय?

चाहते ‘फॉर्म’ हा एकच शब्द वापरतात, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, जागतिक क्रमवारी. ती ५२ आठवड्यांच्या निकालांवर ठरते. ग्रँड स्लॅम विजेत्याला २००० गुण मिळतात आणि पुढच्या वर्षी ते त्याच सुमारास वजा होतात. त्यामुळे क्रमवारी खेळाडूचे गेले वर्ष सांगते, गेला आठवडा नाही. श्वीऑनटेकला विम्बल्डनमध्ये आठवे मानांकन मिळाले. चार फ्रेंच खुल्या स्पर्धा जिंकलेली खेळाडू म्हणून तिची गुणवत्ता त्या आकड्यात कुठेच दिसत नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे अलीकडचे निकाल. यात गफलत अशी की, लहान स्पर्धेत चार-पाच सामने असतात आणि एखाद्या आठवड्यात एखाद्याचे सगळेच जमून येते. शिवाय स्पर्धा जिंकणारा खेळाडू शेवटच्या दिवसापर्यंत खेळतो आणि दमून पुढच्या गावी पोहोचतो. तिसरी गोष्ट म्हणजे त्या विशिष्ट कोर्टवरचा खेळ. सर्वात कमी बोलले जाते ते याविषयी.

उलट, फारसे सामने न खेळलेला खेळाडूही तयार असू शकतो. उत्तेजक चाचणी प्रकरणातील तीन महिन्यांच्या बंदीनंतर सिन्नर मे २०२५ मध्ये रोममध्ये परतला आणि थेट अंतिम फेरीत पोहोचला. त्यानंतर फ्रेंच खुल्या स्पर्धेतही त्याने अंतिम फेरी गाठली.

कोर्ट बदलले की काय बदलते?

लाल मातीवर चेंडू उंच उसळतो आणि त्याचा वेग कमी होतो. खेळाडूला घसरत जाऊन चेंडू गाठता येतो आणि रॅली लांबतात. हिरवळीवर चेंडू खाली राहतो, सरपटत येतो आणि परतवायला कमी वेळ मिळतो. सर्व्हिसचे मोल वाढते. पाय रोवणे अवघड होते, विशेषतः पहिल्या दोन-तीन दिवसांत, जेव्हा गवत ताजे आणि निसरडे असते. विम्बल्डनचे गवत आठ मिलिमीटर उंचीचे राखले जाते. दुसऱ्या आठवड्यापर्यंत बेसलाइनजवळचे गवत झिजून खालची माती उघडी पडते, म्हणजे एकाच स्पर्धेत कोर्टही बदलत जाते.

या बदलासाठी खेळाडूंच्या हाती वेळ किती असतो? फ्रेंच खुली स्पर्धा संपल्यावर विम्बल्डन सुरू होईपर्यंत तीन आठवडे. २०१४ पर्यंत तर दोनच आठवडे मिळत. पॅरिसमध्ये शेवटपर्यंत खेळलेल्यांना त्यात विश्रांतीही घ्यायची असते. गॉफसारखी खेळाडू पॅरिसमध्ये जिंकून लंडनमध्ये लगेच हरते, त्यामागचे हे एक साधे कारण आहे.

विम्बल्डनच्या आयोजकांनाही हा पेच ठाऊक होता. २००२ ते २०१९ या काळात पुरुषांचे मानांकन ठरवताना ते क्रमवारीच्या गुणांमध्ये हिरवळीवरच्या निकालांचे जादा गुण मिळवत. २०२१ पासून ही पद्धत बंद झाली आणि मानांकन थेट क्रमवारीवरून ठरू लागले. त्यामुळे मानांकनाची यादी हाती घेऊन अंदाज करणाऱ्याने हिरवळीचा हिशेब आता स्वतः करायला हवा.

गणित काय सांगते?

ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात आणि विजेत्याला सलग सात सामने जिंकावे लागतात. समजा, एखादा खेळाडू इतका भारी आहे की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ८० टक्के आहे. सातही सामने जिंकण्याची त्याची शक्यता किती? ०.८ ला सात वेळा गुणले की उत्तर येते साधारण २१ टक्के. शक्यता ९० टक्के धरली तरी उत्तर ४८ टक्के. म्हणजे प्रत्येक सामन्यात हमखास पसंती असलेला खेळाडूसुद्धा स्पर्धा जिंकण्यापेक्षा हरण्याची शक्यता किंचित जास्त. ‘आम्ही म्हटलेला खेळाडू हरला’ यात म्हणूनच नवल काही नाही.

पुरुष पाच सेटचे आणि महिला तीन सेटचे सामने खेळतात, त्याचाही परिणाम होतो. सेट जिंकण्याची शक्यता ७० टक्के असलेला खेळाडू तीन सेटचा सामना सुमारे ७८ टक्के वेळा जिंकेल, पाच सेटचा सुमारे ८४ टक्के. सामना जितका लांब, तितका सरस खेळाडूला सावरायला वाव जास्त. महिला टेनिसमधील धक्कादायक निकालांना ‘सातत्य नाही’ असे नाव देण्याआधी हा फरक ध्यानात घ्यायला हवा. २०१७ ते २०२५ या काळात झालेल्या आठ विम्बल्डनमध्ये आठ वेगवेगळ्या महिला विजेत्या झाल्या. २०२३ मध्ये तर मार्केटा व्होंड्रुसोव्हाने बिगरमानांकित असून विजेतेपद मिळवले.

आणखी खोलात गेले तर फरक आणखी बारीक होतो. रॉजर फेडररने २०२४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयातील भाषणात सांगितले होते की, कारकिर्दीतील १५२६ एकेरी सामन्यांपैकी त्याने जवळपास ८० टक्के जिंकले, पण पॉइंट जिंकले ते फक्त ५४ टक्के. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात फेडररने २१८ आणि नोव्हाक जोकोविचने २०४ पॉइंट जिंकले. दोन विजयी पॉइंट हातात असूनही फेडरर हरला. २०२५ च्या फ्रेंच खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सिन्नरचे १९३ पॉइंट होते आणि कार्लोस अल्कराझचे १९२. तीन विजयी पॉइंट वाचवून अल्कराझने ५ तास २९ मिनिटांनी तो सामना जिंकला. तीनपैकी एक पॉइंट इकडचा तिकडे झाला असता, तर त्या संध्याकाळी दोघांच्या ‘फॉर्म’बद्दल सगळे नेमके उलट बोलले असते.

नशिबाचा वाटा किती?

सिन्नरच्या विम्बल्डन विजयाची गोष्ट चौथ्या फेरीतच संपली असती. ग्रिगोर दिमित्रोव्हविरुद्ध तो दोन सेटने मागे होता, शिवाय पडल्यामुळे त्याचे कोपरही दुखावले होते. तिसऱ्या सेटमध्ये २-२ अशी बरोबरी असताना दिमित्रोव्हच्या छातीचा स्नायू दुखावला आणि त्याला सामना सोडावा लागला. पुढच्या तीन सामन्यांत सिन्नरने बेन शेल्टन, जोकोविच आणि अल्कराझ यांना हरवले. अंतिम सामन्यापूर्वी अल्कराझने त्याला सलग पाच वेळा हरवले होते आणि सलग २४ सामने जिंकले होते. फॉर्म, आमनेसामने कामगिरी, हिरवळीवरचा अनुभव हे सारे अल्कराझच्या बाजूने होते. तरीही सिन्नर जिंकला. आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अल्कराझने त्याची परतफेडही केली.

मग चाहत्यांनी पाहायचे काय?

अंदाज बांधणे सोडून द्या, असे याचा अर्थ नाही. ती चर्चा हा टेनिस पाहण्यातला अर्धा आनंद आहे. मात्र केवळ जय-पराजय न पाहता काही साध्या गोष्टी तपासता येतात. दुसऱ्या सर्व्हिसवर खेळाडू किती पॉइंट जिंकतो? दडपण आले की सर्वात आधी दुसरी सर्व्हिस कोसळते. पहिल्या आठवड्यात तो कोर्टवर किती तास होता? पाच सेटचे दोन-तीन सामने खेळून आलेल्याचे पाय दुसऱ्या आठवड्यात जड होतात. ड्रॉच्या त्याच्या भागात जोरदार सर्व्हिस करणारे किती आहेत? आणि त्या कोर्टवर त्याचा गेल्या दोन-तीन वर्षांचा खेळ कसा आहे?

पुणेकर चाहत्यांना २०१८ आठवत असेल. त्या जानेवारीत बालेवाडीत महाराष्ट्र खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात केव्हिन अँडरसन जिल सिमॉनकडून हरला होता. जुलैमध्ये तोच अँडरसन फेडररला दोन सेटच्या पिछाडीवरून हरवून विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोहोचला. तिथे त्याच्यासमोर जोकोविच होता. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर क्रमवारीत २१ व्या स्थानावर असलेला आणि महिनाभर आधी पॅरिसमध्ये ७२ व्या क्रमांकावरील मार्को चेक्किनातोकडून हरलेला. त्याचा काळ संपला, असे म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. जोकोविचने ते विम्बल्डन जिंकले आणि १२ वर थांबलेली त्याची ग्रँड स्लॅमची संख्या पुढे २४ वर गेली.

अंदाज फसल्याची किंमत कोण मोजते?

हा प्रश्न करमणुकीपुरता राहिलेला नाही. डब्ल्यूटीए ही महिला टेनिसची संघटना आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ यांनी जून २०२५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२४ मध्ये ४५८ खेळाडूंना समाजमाध्यमांवर शिवीगाळ किंवा धमक्यांना तोंड द्यावे लागले. असे सुमारे आठ हजार संदेश ४२०० खात्यांवरून आले होते, आणि त्यांतील ४० टक्के संदेश पैज हरून चिडलेल्यांचे होते. अपशब्दांपासून जिवे मारण्याच्या धमक्यांपर्यंत सारे त्यात आले. भारतात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आली. पण पैसा लागलेला नसला तरी हरलेल्या खेळाडूच्या खात्यावर जाऊन राग काढण्याची सवय आपल्याकडेही नवी नाही. हरलेला भारतीय क्रिकेटपटू ती दर स्पर्धेत अनुभवतो.

पराभव खेळाडूला आतून किती पोखरतो, याची कल्पना बाहेरून येत नाही. विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत हरल्यावर तिसरा मानांकित अलेक्झांडर झ्वेरेव्ह आपल्या एकटेपणाबद्दल आणि रितेपणाबद्दल उघडपणे बोलला. अनिसिमोव्हाने २०२३ मध्ये मानसिक थकव्यामुळे काही महिने टेनिसच सोडले होते. २०२४ मध्ये तिला विम्बल्डनच्या पात्रता फेरीतूनही पुढे जाता आले नव्हते. अशा खेळाडूला ६-०, ६-० अशा पराभवानंतर ‘मोठ्या सामन्याची नाही’ असा शिक्का मारणे सोपे असते.

त्या पराभवानंतर आठ आठवडेही उलटले नव्हते, तोच ३ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत अनिसिमोव्हासमोर पुन्हा श्वीऑनटेक उभी राहिली. सामन्याच्या आदल्या रात्री अनिसिमोव्हाने विम्बल्डनचा तो अंतिम सामना पुन्हा पाहिला, आपण कुठे चुकलो ते शोधण्यासाठी. दुसऱ्या दिवशी ती ६-४, ६-३ अशी जिंकली आणि पुढे अंतिम फेरीतही पोहोचली. तिथे तिला हरवणारी सबालेन्का त्याच वर्षी मेलबर्न आणि पॅरिसमध्ये अंतिम सामना हरलेली होती. ‘मोठ्या सामन्यात कच खाते’ असे तिच्याबद्दलही बोलले गेले होते. पुढच्या ग्रँड स्लॅमआधी कोण जिंकणार यावर पैजा लागतील, वाद रंगतील. ते जरूर रंगावेत. फक्त ‘संपली’ हा शब्द लिहिण्याआधी मागचा निकाल किती आठवड्यांचा जुना आहे, एवढे एकदा मोजून पाहावे.