ग्लासगोचे घर आणि दलाल

आपल्या बेटावरील मुले शिकण्यासाठी ग्लासगोला जातात, तेव्हा पहिली चिंता घराची असते. घाईत अनोळखी माणसाला पैसे पाठवून पालक फसतात. स्कॉटलंडमध्ये २०१८ पासून खासगी घरे भाड्याने लावून देणाऱ्या दलालांना सरकारी नोंदणी सक्तीची आहे. भाडेकरूकडून भाडे व अनामत यांखेरीज त्यांना काही घेता येत नाही. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, आणि कामाच्या ३० दिवसांत ती मान्य योजनेत ठेवावी लागते. चांगला दलाल हे आपणहून सांगतो. म्हणून आम्ही पालकांना म्हणतो: नोंदणी क्रमांक आधी विचारा, पैसे नंतर पाठवा. क्रमांक सांगण्यास जो टाळाटाळ करतो, त्याचे स्वस्त घर शेवटी महागच पडते.